कुंडीत गांजा लावण्याआधी घराचा विचार करा

घरच्या घरी गांजाचं एखादं रोप लावून बघावं, असं तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या मनात आलं असेल, तर जरा थांबा आणि हे वाचा. मी रागवायला बसलेलो नाही. तुमचं घर अडचणीत येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

हल्ली मोबाइलवर असले व्हिडिओ सहज दिसतात. परदेशातला एखादा तरुण बी रुजवतो, कपाटात दिवा लावतो आणि काही महिन्यांत झाड दाखवतो. बघताना कोथिंबीर लावण्याइतकं सोपं वाटतं. तो जिथे राहतो तिथला कायदा त्याला परवानगी देतो. तुम्ही राहता तिथला देत नाही. ही गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही.

म्हणून सगळ्यात आधी एवढं पक्कं करा. भारतात घरी गांजाचं एकही रोप लावता येत नाही. गच्चीवर नाही, गॅलरीत नाही, परसात नाही, बांधावर नाही.

कायदा काय सांगतो

अमली पदार्थांविषयीचा केंद्राचा कायदा 1985 साली आला. बातम्यांत त्याला एनडीपीएस म्हणतात. या कायद्याच्या कलम 20 प्रमाणे गांजाच्या रोपाची लागवड केली, तर 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अमुक रोपांपर्यंत चालेल, अशी सूट त्यात नाही. एक कुंडी असली तरी कलम हेच. शिक्षा किती, ते कोर्ट ठरवतं. पण तोवर घराचं जे व्हायचं ते होऊन जातं.

या बाबतीत काही समजुती सर्रास ऐकू येतात. त्या एकेक करून बघू.

"बी म्हणजे काही गांजा नव्हे." खरं आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पण ते बी तुम्ही मातीत लावलंत आणि त्याला पाणी घातलंत की ती लागवड झाली. बी मागवल्याची पावती आणि मोबाइलवरचं बोलणं उद्या तुमच्या हेतूचा पुरावा म्हणून समोर येऊ शकतं.

"एक किलोपर्यंत काही होत नाही." साफ चुकीचं. एक किलोपर्यंतचा गांजा जवळ सापडला, तर कायदा त्याला अल्प प्रमाण म्हणतो. त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय हे झालं जवळ बाळगण्याचं. लागवडीचा गुन्हा वेगळा आहे, आणि त्याची शिक्षा वर सांगितली तेवढी मोठी आहे.

"भांग तर देवाला चालते." महाशिवरात्रीची किंवा होळीची भांग पानांची असते. तिच्यावरही महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याचं बंधन आहे. सणाचं नाव सांगून घरी झाड वाढवायची मुभा कुणालाच नाही.

"उत्तराखंडात तर सरकारच लागवड करू देतं." तिथे 2018 पासून परवाने देतात, हे खरं. पण ते धागा आणि बियांसाठी लावायच्या, नशा जवळजवळ नसलेल्या जातीचे परवाने आहेत. परवाना नसेल तर तिथेही गुन्हाच.

"बाजारात हेम्पच्या बिया खायला मिळतात." मिळतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 साली बिया, बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला मान्यता दिली. ती मान्यता खाण्यापुरती. पेरण्यासाठी नाही.

एकाचा छंद, सगळ्या घराला घोर

रोप लावणारा बहुतेक वेळा एकटा असतो. निस्तरावं मात्र सगळ्यांना लागतं.

झाड लपत नाही. फुलोरा धरू लागला की त्याचा उग्र वास दाराच्या फटीतून जिन्यात उतरतो. कपाटात दिवसरात्र दिवे आणि पंखे चालू ठेवले, तर विजेचं बिल वाढतं. शेजारी विचारतात. कचरा नेणाऱ्या माणसाला दिसतं. ज्या मित्राला कौतुकाने फोटो पाठवला, तो पुढे चौघांना पाठवतो.

मग एक दिवस पोलीस दारात उभे राहतात. हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. म्हणजे पोलीस अटक करू शकतात आणि जामिनासाठी कोर्टात जावं लागतं. नमुने प्रयोगशाळेत जातात. अहवाल यायला वेळ लागतो. वकिलाची फी, तारखा, कामावरचे खाडे. आईचे दागिने मोडतात ते अशाच वेळी.

घर कुणाच्या नावावर आहे, तेही बघितलं जातं. आपल्या जागेत हे चाललंय हे माहीत असूनही ते चालू दिलं, तर कलम 25 खाली घरमालकालाही शिक्षा होऊ शकते. "मुलगा करतो, आपल्याला काय," असं म्हणून कानाडोळा करणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात घ्यावं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर करार नोंदवा, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, आणि अधूनमधून सांगून फेरी मारा.

केस चालू असताना पासपोर्ट अडतो. कोर्टाची परवानगी आणल्याशिवाय तो सहसा मिळत नाही. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी असते. परदेशी विद्यापीठाच्या आणि व्हिसाच्या अर्जात गुन्ह्याचा रकाना असतो. वयाच्या विसाव्या वर्षी कुंडीत टाकलेलं बी तिशीतही त्या रकान्यात दिसतं.

घरात लहान मूल असेल तर

कायदा घटकाभर बाजूला ठेवा. प्रकृतीचं बघा.

लहान मूल दिसेल ते तोंडात घालतं. गांजा घातलेलं चॉकलेट किंवा बिस्कीट त्याला खाऊच वाटतो. पोटातून गेलेला गांजा लगेच चढत नाही. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तोवर मुलाने आणखी खाल्लेलं असतं. मग ते पेंगुळतं, त्याचा तोल जातो, कधी श्वासही मंदावतो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. उलटी काढू नका. 108 ला फोन करा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपोटी लपवलंत, तर डॉक्टर भलतीकडेच शोधत राहतात.

घरात कुत्रं असेल तर त्यालाही हे बाधतं. ते लडखडतं आणि जागच्या जागी लघवी करतं. त्याला लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

वाढत्या वयातल्या मुलांना धोका जास्त. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. कोवळ्या वयात आणि रोज ओढणाऱ्यांना सवय लवकर जडते. लक्ष लागत नाही, अभ्यास मागे पडतो. काहींना भास होतात, कुणीतरी पाठीवर आहे असं वाटत राहतं. घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल तर ही भीती आणखी मोठी. झाड घरातच असलं की हात कधीही पोचतो.

घरात असं रोप सापडलं तर

आधी शांत राहा. आरडाओरडा झाला की शेजारी जमतात आणि मूल घर सोडून निघून जातं.

रोप कुठे पोचवायला जाऊ नका. गाडीत घालून दुसरीकडे टाकू नका. मित्राकडे ठेवायला देऊ नका. त्याने दुसऱ्या घराला गोवल्यासारखं होतं, आणि तुमचीही अडचण वाढते. वाळवून ठेवायचा तर विचारही नको.

त्याच दिवशी वकिलाला भेटा आणि काय करायचं ते त्यांना विचारा. ओळखीचा वकील नसेल तर 15100 वर फोन करा. हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथून फुकट वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारातही त्यांचं कार्यालय असतं.

मूल अठरा वर्षांखालचं असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं. हे वकिलाला आठवणीने सांगा आणि जन्माचा दाखला हाताशी ठेवा.

मग मुलाशी बोला. का लावलं, ते विचारा. कुतूहल होतं, मित्रांचा आग्रह होता, झोप येत नव्हती, की सवय लागली आहे? उत्तर ऐकून घ्या. पुढचा रस्ता त्या उत्तरावर ठरतो.

शेतकरी बंधूंनो

ऊस, तूर, कापूस अशा उंच पिकांत गांजा लावल्याच्या आणि तो पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचता. एखादा व्यापारी येतो. "चार ओळींत लाव, बी माझं, माल मी उचलतो," म्हणतो. धाड पडते तेव्हा तो कुठेच नसतो. सातबारा तुमचा असतो. उभं पीक जप्त होतं आणि तुम्ही आत जाता.

शेत वाट्याने किंवा खंडाने दिलं असेल तरी महिन्यातून एकदा आतपर्यंत फिरून या. आपल्या जमिनीत कुणी अशी लागवड केलेली दिसली, तर लगेच कळवणं कलम 46 प्रमाणे जमीनधारकाचं कर्तव्य आहे. माहीत असूनही न कळवणं हाच गुन्हा ठरतो. सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही कलम 47 ने हीच जबाबदारी टाकली आहे. पोलीस पाटलांना सांगा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तो शिक्का मारलेला कागद पुढे तुमच्या कामी येतो.

कधी बी वाऱ्या-पाण्याने किंवा पाखरांनी येतं आणि झाड आपोआप उगवतं. एका माणसाच्या जागेत अशी काही झाडं सापडली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नुसती झाडं सापडली म्हणजे लागवड सिद्ध होत नाही, ती त्या माणसानेच केली हे दाखवावं लागतं, असं न्यायालयाने म्हटलं आणि त्याला सोडलं. निकाल दिलासा देणारा आहे. पण तिथवर पोचायला त्या माणसाला खालच्या कोर्टांतल्या शिक्षेतून जावं लागलं, हेही विसरू नका. आपोआप उगवलेल्या रोपाला पाणी घालू नका, आळं करू नका, फुलोरा खुडू नका. दिसल्याबरोबर कळवा.

अंबाडीला घाबरू नका

गांजा समजून लोक भलत्याच झाडावर संशय घेतात. आपली अंबाडी त्यात पहिली. तिची पानं बोटांसारखी फाकलेली असतात, म्हणून लांबून फसगत होते.

जवळ जाऊन बघा. अंबाडीच्या पानाला तीन ते पाच बोटं असतात आणि ती तळाशी एकमेकांना जोडलेली असतात. पान चावलं की आंबट लागतं. फूल भेंडीच्या फुलासारखं, मधोमध गडद लाल. गांजाच्या पानाची पाती सुटी असतात, बहुधा पाच, सात किंवा त्याहून जास्त. ती एकाच ठिकाणाहून निघतात आणि प्रत्येकीची कड करवतीच्या दातांसारखी असते. वास उग्र, फुलोरा चिकट. ओळख पटत नसेल तर पान तोंडात घालू नका. कृषी सहायकाला बोलावून दाखवा.

ताग हेही निराळं पीक आहे. हिरवळीच्या खतासाठी तो बिनधास्त पेरा.

परदेशात राहत असाल तर

जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून सज्ञान माणसाला घरी तीन झाडांपर्यंत लावता येतात. ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावी लागतात. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून एका घराला चार झाडांची परवानगी आहे, पण क्वेबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात सहा झाडं चालतात. न्यू जर्सीत मराठी घरं पुष्कळ. तिथे दुकानातून घेता येतं, घरी लावणं मात्र गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये लावणं गुन्हाच, आणि शिक्षा 14 वर्षांपर्यंत.

अमेरिकेत राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा अजून मनाई करतो. व्हिसा आणि ग्रीन कार्डाचं काम केंद्राकडे असतं. नागरिकत्व मिळालं नसेल तर या वाटेला जाऊच नका. राज्यात चालतं म्हणून लावलेलं झाड तुमचा तिथला मुक्काम धोक्यात आणू शकतं. भाड्याच्या घरात घरमालकाचे नियम वेगळे असतात, तेही वाचा.

आणि सुट्टीला घरी येताना बॅगेत काही आणू नका. बँकॉकहून आलेला गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो. बी नको, चॉकलेट नको, गोळी नको. कुणाची बंद पिशवी "माझ्या भावाला द्या" म्हणून घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. सिंगापूर आणि आखाती देशांतले कायदे तर फार कडक आहेत. तिथून नुसतं विमान बदलायचं असलं तरी हे पाळा.

मग करायचं काय

दुखणं असेल तर डॉक्टरांकडे जा. कर्करोगाच्या वेदनांवर कायदेशीर, परिणामकारक औषधं आहेत. मुंबईच्या टाटा रुग्णालयात वेदना कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. आयुर्वेदात विजया नावाने हीच वनस्पती औषधात वापरतात. पण ती विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत आहे. परवानाधारक कंपनीचं औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. घरच्या झाडाचं प्रमाण कुणालाच माहीत नसतं.

झोप येत नसेल, मन उदास असेल, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

सवय लागली असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारचा क्रमांक 14446 आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण आजही हे काम करतं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर कलम 64-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. लागवडीला ही सवलत नाही.

आणि बी रुजताना बघायची हौस असेल, तर ती नक्की भागवा. ती चांगली हौस आहे. पावसाच्या तोंडावर अंबाडी लावा. एक फूट खोल कुंडी घ्या, तळाला भोक हवं. माती आणि शेणखत मिसळून भरा. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं आत टाका. माती ओलसर ठेवा, चिखल होऊ देऊ नका. आठवड्याच्या आत कोंब वर येतात. दाट झाले तर विरळ करा. ऊन भरपूर द्या. महिना-सव्वा महिन्यात कोवळी पानं खुडायला येतात. कण्या घालून भाजी करा, वरून लसणाची फोडणी द्या. लाल बोंडांची जात लावलीत, तर दिवाळीच्या आसपास बोंडांचं सरबत आणि चटणीही होते. शेवटची काही बोंडं झाडावरच वाळू द्या. पुढच्या वर्षीचं बी घरचंच मिळेल.

आता तीन कामं करा.

घरात तरुण मुलं असतील, तर आज जेवताना हा विषय काढा. दम देऊ नका. कायदा काय आहे तेवढं साध्या शब्दांत सांगा. बहुतेकांना तो ठाऊकच नसतो.

वर दिलेले क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. 15100 वकिलासाठी, 14446 व्यसनासाठी, 14416 मनासाठी, 108 रुग्णवाहिकेसाठी.

आणि कुणी बी मागवलं असेल, पण अजून लावलं नसेल, तर त्याला सांगा की ते लावू नकोस. अजून काही बिघडलेलं नाही. यानंतरचं सगळं सावरायला फार कठीण जातं.